पाण्यातील लोहाचे सूक्ष्म प्रमाण कसे मोजावे: फिनॅन्थ्रोलिन पद्धत, पायरीपायरीने

बोअरवेलचे पाणी उपसताना नितळ दिसते आणि बादलीत काही वेळ राहिले की आधी पिवळसर, मग तांबूस होते, हा अनुभव कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या पट्ट्यातील अनेक घरांना आहे. चहा काळपट होतो, पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात आणि नळाखालच्या फरशीवर गंजासारखा ओघळ उमटतो. जमिनीखाली ऑक्सिजन कमी असतो तेथे लोह फेरस रूपात पाण्यात विरघळलेले राहते. हवेशी संबंध आला की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन ते फेरिक रूपात जाते आणि अविद्राव्य हायड्रॉक्साइडचा साका तळाशी बसतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात २०१२ साली लोहाची मर्यादा लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती १.० मिलिग्रॅम झाली. एवढे थोडे लोह साध्या प्रयोगशाळेत, फार महागडे उपकरण नसताना, विश्वासाने मोजता येते ते १,१०-फिनॅन्थ्रोलिन या रंग देणाऱ्या अभिक्रियाकारकामुळे.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने मला त्यांच्या बोअरच्या पाण्याचा अहवाल दाखवला होता. लोहापुढे ‘आढळले नाही’ असे लिहिले होते आणि त्याच घरातील टाकीचा तळ विटकरी झालेला होता. नमुन्याची उरलेली बाटली पाहिल्यावर उलगडा झाला: वरचे पाणी अगदी नितळ, तळाशी कागदाइतका पातळ तपकिरी थर आणि बाटलीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या पातळीशी, तांबूस कडे. तपासणाऱ्याने बाटली न हलवता वरचे पाणी पिपेटने घेतले होते. त्याने केलेली रासायनिक क्रिया बरोबर होती, पण मोजायचे ते लोह बाटलीतच राहिले होते.

या पद्धतीत रंग आणणे सोपे आहे. तो रंग नमुन्यातील सगळ्या लोहाचा आहे, त्याच्या काही भागाचा आहे की आपल्याच काचसामानातून आलेल्या लोहाचा आहे, हे ठरवण्यात खरे कौशल्य लागते. म्हणून पुढे प्रत्येक पायरीबरोबर तेथे लोह कसे हरवते आणि कसे शिरते हेही सांगितले आहे.

रंग कशामुळे येतो

फिनॅन्थ्रोलिनच्या रेणूत दोन नायट्रोजन अणू अशा अंतरावर असतात, की ते दोन्ही एकाच धातूच्या आयनाला चिमट्यासारखे धरू शकतात. असे तीन रेणू एका फेरस आयनाभोवती जमतात, सहा नायट्रोजन त्याला सर्व बाजूंनी वेढतात आणि नारिंगी-लाल रंगाचा अत्यंत स्थिर जटिल आयन तयार होतो. तो ५१० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट प्रकाश सर्वाधिक शोषतो. त्याचा मोलर शोषणगुणांक, म्हणजे ठरावीक संहतीला तो प्रकाश किती शोषतो याचे माप, सुमारे ११,१०० आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा, की लिटरला १ मिलिग्रॅम लोह असलेल्या द्रावणाचा ॲब्सॉर्बन्स (किती प्रकाश शोषला गेला याचे वाचन) १ सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे वाचनासाठीच्या पारदर्शक कुपीत, जवळपास ०.२० यायला हवा. हा एक आकडा लक्षात ठेवावा. आपल्या प्रमाण द्रावणांचे (ज्यांतील लोह आधीच माहीत असते) वाचन ०.१२ किंवा ०.३० येत असेल, तर पुढे जाण्याआधी थांबून चूक शोधावी.

फेरिक लोह हा नारिंगी रंग देत नाही. म्हणून एकूण लोह मोजायचे असेल तर आधी सगळे लोह फेरस रूपात आणावे लागते, आणि त्यासाठी हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड हे क्षपणकारक वापरतात.

नमुना घेताना

पंप किंवा हातपंप काही मिनिटे चालू ठेवून पाइपात साचलेले पाणी जाऊ द्यावे. त्या पाण्यातील लोह भूजलाचे नसून पाइपाचे असू शकते. नमुना पॉलिथिलीनच्या, आम्लाने विसळलेल्या बाटलीत घ्यावा. यापुढे काय करायचे हे आपल्याला कोणते लोह हवे आहे त्यावर अवलंबून आहे आणि तो निर्णय विहिरीच्या काठावरच घ्यावा लागतो, प्रयोगशाळेत परतल्यावर नाही. एकूण लोह हवे असेल तर पाणी न गाळता लगेच संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणावा, म्हणजे लोह साका होऊन बाटलीच्या भिंतीला चिकटत नाही. विरघळलेले लोहच हवे असेल तर पाणी आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जागेवरच गाळावे आणि मग आम्ल घालावे. हा क्रम उलटा झाला, तर गाळात असलेले लोह आम्लात विरघळते आणि ‘विरघळलेले’ म्हणून मोजले जाते. घातलेल्या आम्लाचे प्रमाण वहीत लिहून ठेवावे, कारण पुढे पीएच सांभाळताना त्याचा हिशेब लागतो.

आम्ल न घातलेली, साका बसलेली बाटली हाती आली तर नमुना टाकून देणे आणि नवा मागवणे हेच उत्तम. ते शक्य नसेल तर संपूर्ण बाटलीत आम्ल घालून, भिंती धुऊन निघेपर्यंत अधूनमधून हलवत ठेवावी आणि साका पूर्ण विरघळल्यावरच भाग काढावा.

काचसामान आणि प्रयोगशाळेतील छुपे लोह

लोह सगळीकडे असते: गंजलेल्या स्टँडची धूळ, चिमट्याची टोके, नळाचे पाणी, अगदी अभिक्रियाकारकांच्या बाटल्याही. वापरायचे सर्व काचसामान समप्रमाणात पाणी मिसळलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून, नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकदा विसळावे. डायक्रोमेटच्या मिश्रणाने धुण्याची जुनी सवय येथे टाळावी, कारण उरलेले क्रोमियम या पद्धतीत अडथळा आणते.

ज्या प्रयोगशाळेत सांडपाण्याची सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) चाचणीही होते, तेथे आणखी एक धोका असतो. त्या अनुमापनात वापरले जाणारे फेरॉइन हे दर्शक म्हणजे फिनॅन्थ्रोलिन आणि फेरस लोह यांचा हाच जटिल आयन आहे, आणि ब्युरेटमध्ये भरलेले फेरस अमोनियम सल्फेट हेही लोहच. त्या टेबलावरची पिपेट लोहाच्या चाचणीसाठी कधीही घेऊ नये. दोन्ही कामांची काचपात्रे वेगळी ठेवून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या, तर ब्लँकची, म्हणजे लोह न घातलेल्या तुलनेच्या द्रावणाची, अर्धी डोकेदुखी संपते.

द्रावणे

फिनॅन्थ्रोलिन मोनोहायड्रेट १०० मिलिग्रॅम घेऊन ते १०० मिलिलिटर पाण्यात ढवळत, साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून विरघळवावे, उकळू नये. गरम करायचे नसेल तर पाण्यात संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकावे. द्रावण गडद होऊ लागले तर टाकून द्यावे. या द्रावणाचा १ मिलिलिटर जेमतेम १०० मायक्रोग्रॅम लोहाला पुरतो. पुढील कृतीत आपण ४ मिलिलिटर घेणार आहोत आणि लोह २०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ देणार नाही, म्हणजे अभिक्रियाकारक नेहमी भरपूर शिल्लक राहील.

हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड १० ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर द्रावण करावे. हा पदार्थ विषारी आणि त्वचेला जाळणारा आहे; हातमोजे आणि चष्मा यांशिवाय त्याला हात लावू नये आणि घन पदार्थ उष्णतेजवळ ठेवू नये.

बफरसाठी, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणासाठी, २५० ग्रॅम अमोनियम ॲसिटेट १५० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यात ७०० मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल मिसळावे. हे काम धूरकक्षातच करावे. चांगल्या प्रतीच्या अमोनियम ॲसिटेटमध्येही थोडे लोह असू शकते, त्यामुळे बफर नवे केले की प्रमाण आलेखही (प्रमाण द्रावणांतील लोह आणि त्यांची वाचने यांचा) नव्याने काढावा. जुना आलेख आणि नवे बफर यांची सांगड घालणे ही मी वारंवार पाहिलेली चूक आहे, आणि तिच्यामुळे येणारा फरक नेमका कमी लोहाच्या नमुन्यांत मोठा ठरतो.

लोहाच्या प्रमाण द्रावणासाठी मोहरचा क्षार, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट हेक्झाहायड्रेट, सोयीचा आहे. ५० मिलिलिटर पाण्यात २० मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल सावकाश घालावे. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नाही. ते थंड झाल्यावर त्यात ०.७०२२ ग्रॅम क्षार विरघळवावा आणि फिकट गुलाबी छटा टिकेपर्यंत पोटॅशियम परमँगनेटचे विरल द्रावण थेंबाथेंबाने घालून एकूण १ लिटर करावे. हे द्रावण लिटरला १०० मिलिग्रॅम लोहाचे झाले. परमँगनेट घालून चांगले फेरस लोह फेरिक का करायचे, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. कारण असे, की आता प्रमाण द्रावणातील लोहालाही नमुन्यातील लोहाप्रमाणे क्षपणाच्या पायरीतून जावे लागते. हायड्रॉक्सिलअमाइन निकामी झाले असेल तर ते प्रमाण द्रावणांतच उघड होते. कामाच्या दिवशी यातील १० मिलिलिटर घेऊन १०० मिलिलिटर करावे. या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम लोह असते.

प्रत्यक्ष कृती

सहा शंकुपात्रांत कामाच्या प्रमाण द्रावणाचे अनुक्रमे ०, १, २.५, ५, १० आणि २० मिलिलिटर घेऊन प्रत्येकात पाणी घालून ५० मिलिलिटर करावे. यांत ०, १०, २५, ५०, १०० आणि २०० मायक्रोग्रॅम लोह आहे. नमुन्याची बाटली नीट हलवून त्यातील ५० मिलिलिटर सातव्या शंकुपात्रात घ्यावे. लोह लिटरला ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल असे वाटले तर कमी नमुना घेऊन पाण्याने ५० मिलिलिटर करावे. यापुढची प्रत्येक क्रिया प्रमाण द्रावणांवर, शून्य लोहाच्या ब्लँकवर आणि नमुन्यावर अगदी एकसारखी करायची आहे.

प्रत्येक पात्रात २ मिलिलिटर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १ मिलिलिटर हायड्रॉक्सिलअमाइन घालावे, दोन-चार स्वच्छ काचमणी टाकावे आणि धूरकक्षात द्रावण १५ ते २० मिलिलिटर उरेपर्यंत उकळावे. या उकळण्याने तीन गोष्टी साधतात: साक्यातील लोह विरघळते, ते सगळे फेरस होते, आणि सायनाइड व नायट्राइट निघून जाऊन पॉलिफॉस्फेटचे कमी त्रासदायक अशा ऑर्थोफॉस्फेटमध्ये रूपांतर होते. घाई म्हणून केवळ उकळी फुटेपर्यंत तापवून थांबणारे लोक मी पाहिले आहेत. पाण्यात साका असेल तर त्यांचा आकडा हमखास कमी येतो.

द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावर ते ५० मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्यावे आणि शंकुपात्र दोन-तीन वेळा थोड्या पाण्याने विसळून ते पाणीही फ्लास्कमध्येच टाकावे. मग १० मिलिलिटर बफर आणि ४ मिलिलिटर फिनॅन्थ्रोलिन घालावे. लोह पुरेसे असेल तर फिनॅन्थ्रोलिन पडताच द्रावणात केशरी धागे दिसू लागतात आणि फ्लास्क फिरवल्यावर ते सगळीकडे पसरतात. खुणेपर्यंत पाणी भरून, बूच लावून, उलटसुलट करून द्रावण एकजीव करावे आणि किमान १० ते १५ मिनिटे ठेवावे. एकदा पूर्ण आलेला हा रंग महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे वाचनाची घाई करण्याचे काही कारण नाही.

आम्लाच्या दोन मिलिलिटरबद्दल

रंग लवकर आणि पूर्ण येण्यासाठी पीएच साधारण २.९ ते ३.५ च्या दरम्यान असावा. १० मिलिलिटर बफरमध्ये सुमारे ३० मिलिमोल ॲसिटेट असते आणि २ मिलिलिटर संहत हायड्रोक्लोरिक आम्लात सुमारे २४ मिलिमोल आम्ल. म्हणजे बफरची शिल्लक फार मोठी नाही. कोणी सवयीने ४ मिलिलिटर आम्ल घातले, किंवा नमुना जतन करताना आधीच भरपूर आम्ल घातलेले असेल आणि त्याचा विचार केला नाही, तर बफर संपते, पीएच कोसळतो आणि रंग फिका किंवा अतिशय सावकाश येतो. अशा फिक्या रंगाला ‘लोह कमी आहे’ असे समजले जाते. शंका आली की तयार द्रावणाचा एक थेंब पीएच कागदावर टाकून पाहावा. या एका थेंबाने मला अनेकदा संपूर्ण दिवसाचे काम पुन्हा करण्यापासून वाचवले आहे.

वाचन

स्पेक्ट्रोफोटोमीटर ५१० नॅनोमीटरवर लावावा. फिल्टर असलेला कलरिमीटर असेल तर ५१० च्या जवळचा हिरवा फिल्टर घ्यावा. क्युव्हेट खडबडीत बाजूंनी धरावे, चकचकीत बाजू मऊ कागदाने पुसाव्या आणि आत बुडबुडा चिकटलेला नाही हे उजेडात पाहावे. वाचन कमी संहतीकडून जास्त संहतीकडे घ्यावे आणि प्रत्येक वेळी पुढच्या द्रावणानेच क्युव्हेट विसळावे.

बहुतेक ठिकाणी उपकरण ब्लँकवर शून्य करतात. मी ते ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्य करून ब्लँकचे वाचन वेगळे लिहिण्याचा आग्रह धरतो. ब्लँकवरच शून्य केले की पाण्यातून, बफरमधून किंवा काचेतून आलेले लोह दिसेनासे होते; आज ब्लँक ०.००५ होता की ०.०५०, हे कोणालाच कळत नाही. वहीत रोजचा ब्लँक लिहिला, तर तो वाढू लागल्याचे दुसऱ्याच दिवशी लक्षात येते.

नमुना मुळात रंगीत किंवा किंचित गढूळ असेल तर त्याचा आणखी एक भाग घेऊन फिनॅन्थ्रोलिन सोडून सर्व काही घालावे आणि त्याचेही वाचन घ्यावे. हे वाचन नमुन्याच्या स्वतःच्या रंगाचे असते आणि ते वजा करायचे असते.

हिशेब

प्रमाण द्रावणांची अंतिम संहती लिटरला ०, ०.२, ०.५, १, २ आणि ४ मिलिग्रॅम झाली. प्रत्येकाच्या ॲब्सॉर्बन्समधून ब्लँक वजा करून आलेख काढावा. तो आरंभबिंदूच्या जवळून जाणारी सरळ रेषा असावा आणि त्याचा चढ ०.२० च्या आसपास असावा. समजा, ब्लँक ०.००६, रेषेचा चढ ०.१९८, नमुन्याचे वाचन ०.२६२ आणि त्याच्या स्वतःच्या रंगाचे वाचन ०.०१० आले. तर निव्वळ ॲब्सॉर्बन्स ०.२४६ आणि त्याला ०.१९८ ने भागल्यावर लोह लिटरला १.२४ मिलिग्रॅम. नमुना ५० ऐवजी २० मिलिलिटर घेतला असता, तर या उत्तराला २.५ ने गुणावे लागले असते. वाचन सर्वांत मोठ्या प्रमाण द्रावणाच्या पलीकडे गेले तर रेषा पुढे ओढू नये आणि रंग आलेले द्रावण विरळही करू नये, कारण त्यात फिनॅन्थ्रोलिन अपुरे पडलेले असू शकते. कमी नमुना घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी.

उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी

नमुन्याचा दुसरा ५० मिलिलिटर भाग घेऊन त्यात कामाच्या प्रमाण द्रावणाचे ५ मिलिलिटर, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम लोह, घालावे आणि संपूर्ण कृती करावी. दोन भागांतील लोहाचा फरक ५० मायक्रोग्रॅमच्या नव्वद ते एकशे दहा टक्क्यांत आला तर नमुन्यातील इतर घटक आड येत नाहीत असे मानता येते. तो कमी आला तर पहिला संशय पीएचवर आणि दुसरा इतर धातूंवर घ्यावा. जस्त लोहाच्या दहापटीपेक्षा जास्त, तांबे किंवा कोबाल्ट लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आणि निकेल २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर अडथळा येतो. कॅडमियम, पारा आणि चांदी फिनॅन्थ्रोलिनचाच साका पाडतात. विहिरीच्या पाण्यात हे क्वचितच घडते, पण धातूवर मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात हमखास घडते, आणि तेथे ही पद्धत आहे तशी वापरू नये.

फक्त फेरस लोह हवे असेल तर

येथे हायड्रॉक्सिलअमाइन आणि उकळणे दोन्ही वगळायचे. आम्ल घातलेल्या ताज्या नमुन्याचे ५० मिलिलिटर घेऊन त्यात २० मिलिलिटर फिनॅन्थ्रोलिन आणि १० मिलिलिटर बफर घालावे, १०० मिलिलिटरपर्यंत भरावे आणि पाच ते दहा मिनिटांतच वाचन घ्यावे. अंतिम घनफळ दुप्पट झाल्यामुळे उत्तराला २ ने गुणावे. फिनॅन्थ्रोलिन एवढे जास्त लागते ते फेरिक लोहही त्यातील काही भाग पकडून ठेवते म्हणून. द्रावण उन्हात ठेवू नये. प्रकाशाने फेरिकचे फेरस होत राहते आणि रंग चढत जातो. शक्य असेल तर ही चाचणी विहिरीजवळच करावी, कारण प्रवासात फेरस आणि फेरिक यांचे प्रमाण बदलते, एकूण लोहाचे नाही.

लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या खाली १ सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये ॲब्सॉर्बन्स ०.०२ पेक्षाही कमी असतो आणि ब्लँकमधील चढउतार त्याच्या बरोबरीला येऊ लागतात. ५ सेंटीमीटरचे क्युव्हेट घेतल्यास ही पद्धत लिटरला १० मायक्रोग्रॅमपर्यंत उतरते. त्याहून नेमके काम हवे असेल तर लॉरेन्स स्टूकी यांनी १९७० मध्ये मांडलेले फेरोझिन वापरावे. ते फेरस लोहाबरोबर ५६२ नॅनोमीटरला जांभळा रंग देते आणि त्याचा मोलर शोषणगुणांक सुमारे २७,९०० आहे, म्हणजे फिनॅन्थ्रोलिनच्या अडीचपट. मात्र संवेदनशीलता वाढली की घाणही तितक्याच पटीने दिसते, त्यामुळे ब्लँक स्थिर झाल्याशिवाय फेरोझिनकडे वळण्यात अर्थ नाही.

अहवालात नुसते ‘लोह १.२४’ असे लिहू नये. नमुना गाळलेला होता की नाही, आम्ल कुठे आणि केव्हा घातले, उकळण्याची पायरी झाली की नाही आणि त्या दिवशीचा ब्लँक किती होता, हे त्याच ओळीत लिहावे. काम संपल्यावर रंगीत द्रावणे बेसिनमध्ये ओतू नयेत; फिनॅन्थ्रोलिन जलचरांसाठी अतिशय विषारी आहे, म्हणून ती ‘फिनॅन्थ्रोलिनयुक्त आम्लधर्मी कचरा’ अशी चिठ्ठी लावलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये जमा करून घातक कचरा नेणाऱ्या यंत्रणेकडे द्यावीत.